दुर्बिणीविना रूपविकारी ताऱ्याचा शोध : नवख्यांसाठी मार्गदर्शन

ज्या ताऱ्याची तेजस्विता काळानुसार कमीजास्त होते त्याला रूपविकारी तारा म्हणतात. असे तारे शोधण्यासाठी एके काळी दुर्बीण, निरभ्र आकाश आणि वर्षानुवर्षांचे जागरण लागत असे. आता आकाशाची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेणाऱ्या सर्वेक्षणांनी आपली मोजमापे सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि त्यामुळे साधा संगणक व इंटरनेट असलेल्या कोणालाही हे काम घरी बसून करता येते. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बदलणारा ठिपका सापडणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तो ठिपका खरोखर तारा आहे, बदल त्याच्याच तेजात होतो आहे, शेजारच्या ताऱ्याच्या नव्हे, आणि आजवर तो कोणी नोंदवलेला नाही, या तीन गोष्टींची खात्री करण्यातच बहुतेक वेळ जातो. ही खात्री करण्याची चिकाटी नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

पद्धत तशी जुनीच आहे. हेन्रिएटा लेव्हिट यांनी हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्राच्या एका काचपट्टीवरील ताऱ्यांची धन प्रत दुसऱ्या रात्रीच्या ऋण प्रतीवर ठेवून ठिपक्यांच्या आकारातील फरक टिपले आणि १९०८ साली मॅगेलनच्या मेघांमधील (आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांमधील) १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. आपण पडद्यावर करतो ते याहून फार वेगळे नाही; फक्त काचपट्ट्यांची जागा आकड्यांनी घेतली आहे.

तयारी

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रती’मध्ये मोजतात, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडून घ्यावे. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. ताऱ्याचे आकाशातील स्थान विषुवांश आणि क्रांती या दोन आकड्यांनी सांगतात. वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे एका ठरावीक दिवसापासून सलग मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात, मोजतात. सर्वेक्षणे पुष्कळदा त्यातून २४०००००.५ वजा करून मिळणारा सुधारित ज्युलियन दिनांक वापरतात. दोन ठिकाणचे आकडे एकत्र करताना हा अर्ध्या दिवसाचा फरक विसरला तर पुढचे सगळे गणित बिघडते, आणि ते का बिघडले हे लवकर ध्यानात येत नाही.

साधने मोजकीच आहेत. आकाशाचे कोणतेही क्षेत्र वेगवेगळ्या सर्वेक्षणांच्या छायाचित्रांत पाहण्यासाठी स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राचे ‘ॲलाडिन’, ताऱ्याबद्दल आधी काय प्रसिद्ध झाले आहे हे पाहण्यासाठी त्याच केंद्राचे ‘सिम्बाद’ आणि ‘व्हिझिए’, आवर्तकाल, म्हणजे तेजाच्या बदलाची एक फेरी पुरी व्हायला लागणारा वेळ, काढण्यासाठी एएव्हीएसओ या १९११ साली स्थापन झालेल्या निरीक्षक संघटनेचा ‘व्हीस्टार’ हा मोफत प्रोग्रॅम, आणि हाताशी एखादी स्प्रेडशीट. याच संघटनेची ‘व्हीएसएक्स’ ही रूपविकारी ताऱ्यांची आंतरराष्ट्रीय सूची आपल्याला सगळ्यात जास्त लागेल, कारण शोधाची सुरुवातही तिथेच होते आणि शेवटही.

पहिला तारा ओळखीचा असावा

नवा तारा शोधण्याआधी एखाद्या ज्ञात ताऱ्यावर हात बसवून घ्यावा. व्हीएसएक्समधून १४ व्या प्रतीच्या आसपासचा, अर्ध्या प्रतीने तरी बदलणारा आणि ज्याचा आवर्तकाल एका दिवसाहून कमी आहे असा तारा निवडावा, त्याची मोजमापे स्वतः उतरवून घ्यावीत आणि सूचीतील आवर्तकाल आपल्या हातून निघतो का ते पाहावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक जण ती गाळतात. पुढे आपल्या आलेखात काही विचित्र दिसले की चूक ताऱ्याची, सर्वेक्षणाची की आपली, हे त्यांना सांगता येत नाही.

मोजमापे कोठून घ्यावीत हे ताऱ्याच्या तेजावर अवलंबून असते. पालोमार वेधशाळेतील ४८ इंची दुर्बिणीवर २०१८ पासून चाललेले झ्विकी ट्रान्झिअंट फॅसिलिटी, म्हणजे झेडटीएफ, साधारण १३ ते २० प्रतींच्या ताऱ्यांसाठी उत्तम आहे. त्याचा एक पिक्सेल आकाशातील सुमारे एका आर्कसेकंदाएवढा (अंशाच्या ३६०० व्या भागाएवढा) असतो. ‘असॅसिन’ हे सर्वेक्षण छोट्या दुर्बिणींनी संपूर्ण आकाशावर नजर ठेवते. ११ ते १७ प्रतींसाठी ते उपयोगी पडते, पण त्याचा पिक्सेल तब्बल आठ आर्कसेकंदांचा असल्यामुळे दाट क्षेत्रात चार तारे एकाच ठिपक्यात मिसळतात. ‘ॲटलस’ हे मुळात पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांसाठी उभारलेले सर्वेक्षण असले तरी आपण दिलेल्या कोणत्याही स्थानाची मोजमापे ते काढून देते. ‘टेस’ या उपग्रहाचा पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे. त्याची मोजमापे अतिशय अचूक आणि सलग असतात, पण नेमका कोणता तारा बदलतो आहे हे त्यावरून ठरवता येत नाही.

संशयित कसा हेरावा

याचे दोन मार्ग आहेत. पहिला डोळ्यांचा. पालोमारच्या पहिल्या सर्वेक्षणाच्या, म्हणजे १९४९ ते १९५८ या काळातील, तांबड्या प्रकाशात घेतलेल्या काचपट्ट्या आणि काही दशकांनी झालेल्या दुसऱ्या सर्वेक्षणाच्या तांबड्या पट्ट्या ॲलाडिनमध्ये एकावर एक ठेवून आलटून पालटून दाखवाव्यात. बहुतेक ठिपके स्थिर राहतात आणि एखादाच फुगतो किंवा आक्रसतो. तुलना मात्र तांबड्याशी तांबड्याची आणि निळ्याशी निळ्याचीच करावी, कारण तांबडा तारा निळ्या पट्टीवर अंधूकच दिसणार आणि त्यात ताऱ्याचा काही दोष नाही. या मार्गाने मोठा फरक असलेले तारेच सापडतात, मुख्यतः महिनोन्‌महिने फुगत-आक्रसत राहणारे तांबडे राक्षसी तारे. डेव्हिड फाब्रिसियस यांनी १५९६ साली पाहिलेला तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा त्यांचा मूळ नमुना. त्याचा आवर्तकाल सुमारे ३३२ दिवसांचा आहे.

दुसरा मार्ग आकड्यांचा आहे, आणि माझ्या मते नवख्याने वेळ घालवायचा तर इथेच. ‘गाया’ या उपग्रहाने आपल्या कार्यकाळात प्रत्येक तारा पुन्हा पुन्हा मोजला. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या माहितीसंचात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. प्रत्येकासाठी सरासरी तेज, त्या सरासरीतील अनिश्चितता आणि मोजण्यांची संख्या असे तीन आकडे दिलेले असतात. स्थिर ताऱ्याची प्रत्येक मोजणी जवळपास सारखीच येते, म्हणून अनिश्चितता लहान असते. रूपविकारी ताऱ्याच्या मोजण्या विखुरलेल्या असतात, म्हणून ती मोठी असते. एखाद्या छोट्या क्षेत्रातील सगळे तारे उतरवून घ्यावेत, अनिश्चिततेला तेजाने भागावे, आलेल्या आकड्याला मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणावे आणि हा आकडा प्रतीसमोर मांडून आलेख काढावा. बहुतेक तारे एका अरुंद पट्ट्यात बसतात. त्या पट्ट्याच्या वर एकटेच तरंगणारे ठिपके हे आपले संशयित होत. अर्थात एखाद्या तेजस्वी ताऱ्याच्या कुशीत असलेला किंवा जवळच्या जोडीत मिसळलेला तारादेखील असाच वर तरंगतो, त्यामुळे हा केवळ इशारा समजावा.

क्षेत्र कोणते निवडावे? झेडटीएफच्या मोजमापांवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एकाच यादीत ७,८१,६०२ आवर्ती रूपविकारी तारे आहेत आणि गायाच्या यंत्रांनी वेगळे काढलेले तारे कोटीच्या घरात आहेत. तेव्हा मोकळ्या आकाशातला, ठळक फरकाचा, नियमित आवर्तकालाचा तारा अजून कोणाला दिसलाच नसेल ही आशा फारशी धरू नये. यंत्रे जिथे अडखळतात तिथे जावे : आकाशगंगेच्या पट्ट्यातील दाट गर्दीत, तेजस्वी ताऱ्यांच्या आसपास, आणि ज्यांच्यात ग्रहण अगदी थोडा वेळ व फार दिवसांनी होते अशा युग्मताऱ्यांमध्ये (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांमध्ये). त्याशिवाय व्हीएसएक्समध्ये असंख्य नोंदी अशा आहेत की तारा बदलतो एवढेच लिहिलेले असते, प्रकार आणि आवर्तकालाच्या जागा रिकाम्या असतात. त्या भरून देणे हे नव्या शोधाइतकेच उपयोगाचे काम आहे, आणि शिकण्यासाठी तर त्याहून सोयीचे.

आधी सूची, मग कष्ट

संशयित हाती लागला की लगेच व्हीएसएक्समध्ये त्याच्या स्थानाभोवती एका आर्कमिनिटाच्या (साठ आर्कसेकंदांच्या) त्रिज्येत शोध घ्यावा. त्रिज्या मुद्दाम मोठी घ्यायची, कारण जुन्या नोंदींतील स्थाने काही वेळा बरीच चुकलेली असतात, आणि मोठ्या पिक्सेलच्या सर्वेक्षणांनी शेजाऱ्याच्याच नावावर बदल टाकलेला असतो. त्यानंतर सिम्बाद आणि व्हिझिएमधील मोठ्या याद्या पाहाव्यात. वीस आर्कसेकंदांवर ‘आधीच ज्ञात’ असा तारा दिसला तर तो वेगळा म्हणून सोडून देऊ नये. दोघांचे प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार तेज दाखवणारे आलेख, काढून आवर्तकाल ताडून पाहावा. आकडे जुळले तर बदलणारा तारा एकच आहे, आणि नेमका कोणता हे गायाच्या विखुरलेपणावरून किंवा झेडटीएफच्या चित्रांवरून ठरवता येते.

मोजमापे उतरवणे आणि गाळणे

झेडटीएफच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसोबत गुणवत्तेचा एक सांकेतिक आकडा असतो. तो शून्य नसेल तर ती ओळ काढून टाकावी. त्या ओळींपैकी काही कदाचित चांगल्या असतीलही, पण सुरुवातीला अशी दया दाखवू नये. हिरवट आणि तांबड्या गाळणीतील (ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचेतून घेतलेली) मोजमापे वेगळी ठेवावीत. एकाच ताऱ्याला निरनिराळ्या क्षेत्रांत आणि निरनिराळ्या संवेदकांवर वेगवेगळे क्रमांक मिळालेले असतात. त्यांच्यात शतांश प्रतीचे फरक असू शकतात, म्हणून बदल अगदी लहान असेल तर हे गट आधी एका पातळीवर आणावेत. असॅसिनची जुनी मोजमापे दृश्य गाळणीतील आणि नंतरची हिरवट गाळणीतील आहेत. दोन्ही सरळ एकाखाली एक चिकटवली तर मधोमध एक पायरी दिसते आणि नवखा माणूस तिलाच उद्रेक समजतो.

यानंतर चित्रे प्रत्यक्ष पाहणे आले, आणि ते टाळता येत नाही. तारा सर्वांत तेजस्वी नोंदला गेला त्या दोन-तीन रात्री आणि सर्वांत अंधूक नोंदला गेला त्या दोन-तीन रात्री, यांची चित्रे उघडून शेजारी शेजारी ठेवावीत. एखाद्याच रात्री एकदम तेज वाढले असेल तर बहुधा तिथून लघुग्रह गेलेला असतो. तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत तो सरकलेला दिसतो. तारा चित्राच्या कडेला आलेला असणे, तेजस्वी ताऱ्याची उभी रेघ त्याच्यावर पडलेली असणे, संवेदकाचा बिघडलेला पिक्सेल नेमका तिथेच असणे, ही सारी कारणे डोळ्यांना क्षणात कळतात, आकड्यांत मात्र ती बेमालूम लपतात.

माझा स्वतःचा एक संशयित इथे आठवतो. दाट क्षेत्रातील १८ व्या प्रतीचा तारा, प्रतीच्या पंचमांशाइतका बदल, वक्र गुळगुळीत, आणि सूचीत त्याचा पत्ताच नाही. तीन संध्याकाळी खर्चून आवर्तकाल काढला तेव्हा तो २९.५ दिवस आला, आणि मी तो समाधानाने वहीत लिहून ठेवला. तो आकडा चांद्रमासाचा आहे हे दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आले. पौर्णिमेच्या आसपास आकाश उजळत होते आणि अंधूक ताऱ्यांच्या गर्दीतून पार्श्वभूमी वजा करताना मोजमाप दर महिन्याला तेवढेच चुकत होते. तेव्हापासून २९.५ दिवस, एक दिवस, अर्धा दिवस आणि एक वर्ष हे चार आकडे मी संगणकाशेजारी चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत. आवर्तकाल यांपैकी एखाद्याच्या जवळ आला की आधी शेजारच्या दोन-चार ताऱ्यांचेही वक्र काढतो. सगळे एकत्रच डोलत असतील तर तो आकाशाचा खेळ असतो, ताऱ्याचा नव्हे.

आवर्तकाल

मोजमापे सलग नसतात, रात्री-अपरात्री विखुरलेली असतात. अशा वेळी लॉम्ब–स्कार्गल ही पद्धत वापरतात. निरनिराळे आवर्तकाल घालून पाहून कोणता सर्वांत चांगला बसतो हे ती शिखरांच्या आलेखाने दाखवते. सर्वांत उंच शिखर हेच उत्तर, असे मात्र नसते. जमिनीवरील दुर्बीण फक्त रात्री पाहते, त्यामुळे खऱ्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना ‘दिवसाला एक’ एवढ्या अंतरावर खोटी शिखरे उभी राहतात. स्वरमंडल तारकासमूहातील आरआर लायरी या ताऱ्याचेच उदाहरण घ्या. त्याचा आवर्तकाल ०.५६६८ दिवसांचा आहे, म्हणजे तो दिवसाला १.७६४ फेऱ्या करतो. एक वजा केला तर ०.७६४, म्हणजे १.३०८ दिवसांचा खोटा आवर्तकाल. एक मिळवला तर २.७६४, म्हणजे ०.३६२ दिवसांचा. तिन्ही आवर्तकालांवर वक्र घडी घालून पाहावा. खऱ्यावर ठिपके एका रेषेत बसतात, खोट्यांवर थोडे पसरतात, आणि मोजमापे पुरेशी असतील तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

घडी घालणे म्हणजे काय, हे एकदा हाताने करून पाहावे. मोजणीच्या वेळेतून एक ठरावीक आरंभवेळ वजा करायची, आवर्तकालाने भागायचे आणि भागाकारातील पूर्णांक सोडून फक्त दशांश चिन्हानंतरचा भाग ठेवायचा. ही झाली त्या मोजणीची कला. कला आडव्या अक्षावर आणि प्रत उभ्या अक्षावर (वर तेजस्वी, खाली अंधूक) मांडली की वर्षावर्षांची मोजमापे एकाच फेरीत येऊन बसतात. आवर्तकाल किती दशांशांपर्यंत अचूक हवा, हेही इथेच समजते. आवर्तकाल ०.४ दिवस असेल आणि मोजमापे २००० दिवसांवर पसरलेली असतील तर मध्ये ५००० फेऱ्या होतात. आवर्तकालात ०.००००१ दिवसाची चूक असली तरी ती साचून ०.०५ दिवस, म्हणजे फेरीचा आठवा हिस्सा होते.

सप्तर्षी तारकासमूहातील डब्ल्यू उर्से मेजॉरिस हा तारा आणखी एक गोष्ट शिकवतो. त्याचा आवर्तकाल सुमारे ०.३३३६ दिवस, म्हणजे जवळजवळ नेमका आठ तासांचा आहे. तीन फेऱ्यांना एका दिवसाहून जेमतेम सव्वा मिनिट जास्त लागते. एखाद्याने रोज ठरलेल्या एकाच वेळी तो मोजला तर त्याला पुष्कळ दिवस तोच भाग दिसत राहील आणि संपूर्ण वक्र पुरा व्हायला वर्षभर लागेल. म्हणून एकाच सर्वेक्षणावर विसंबू नये. दुसऱ्या रेखांशावरून घेतलेली मोजमापे अशी भोके भरून काढतात. वेळेची आणखी एक दुरुस्ती लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी ८.३ मिनिटे लवकर तर कधी तितकाच उशिरा पोहोचतो, म्हणून लहान आवर्तकालासाठी सूर्यकेंद्री वेळच वापरावी. झेडटीएफच्या तक्त्यात ती दिलेली असते.

प्रकार ठरवणे

वक्राच्या आकारावरून प्रकाराचा अंदाज येतो. झपाट्याने चढून सावकाश उतरणारी करवतीच्या दातासारखी रेषा आणि अर्ध्या दिवसाच्या आसपासचा आवर्तकाल असेल तर तारा आरआर लायरी प्रकारचा, म्हणजे स्पंदन पावणारा. बराच काळ सपाट आणि मधूनच खोल खाच असेल तर ते पिधानकारी युग्म, म्हणजे एक तारा दुसऱ्याला झाकतो अशी जोडी, अल्गॉल ताऱ्यासारखी. जॉन गुडरिक यांनी १७८३ साली त्याच्या २.८७ दिवसांच्या आवर्तकालाचे स्पष्टीकरण देताना मोठा सोबती समोरून जात असावा असे सुचवले होते. शंभर दिवसांहून अधिक आवर्तकाल, अडीच प्रतींहून मोठा फरक आणि तांबडा रंग असेल तर मीरा प्रकार.

खरी अडचण येते ती ०.३ दिवसाच्या आसपास लाटेसारखा गुळगुळीत वक्र आला की. तो आरआर लायरीचा सी उपप्रकार असू शकतो, किंवा एकमेकांना चिकटलेल्या दोन ताऱ्यांचे युग्मही असू शकते. युग्माच्या एका फेरीत दोन ग्रहणे जवळपास सारख्या खोलीची होतात, म्हणून संगणक बिनदिक्कत निम्मा आवर्तकाल सांगतो. यावर तीन उपाय करून पाहावेत. आवर्तकाल दुप्पट करून घडी घालावी. दोन खाचांची खोली थोडीशी जरी वेगळी निघाली तरी युग्म निश्चित. मग हिरवट आणि तांबड्या गाळणींतील वक्रांची वजाबाकी करावी : स्पंदन पावणारा तारा तेजस्वी होताना तापतो आणि निळसर होतो, तर चिकटलेल्या युग्माचा रंग फेरीभर जवळपास तोच राहतो. शेवटी गायाने मोजलेले अंतर पाहावे. आरआर लायरी ताऱ्याची निरपेक्ष प्रत (दहा पार्सेकांवरून दिसेल ती प्रत; एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) साधारण ०.६ असते, म्हणून १४ व्या प्रतीचा असा तारा, मधल्या धुळीचा विचार सोडला तर, पाच हजार पार्सेकांच्या आसपास असायला हवा. गाया जर हजार पार्सेक म्हणत असेल तर तो आरआर लायरी नव्हे, वक्र कितीही मोहक असला तरी.

नोंद सादर करणे

व्हीएसएक्सवर खाते उघडून अर्ज भरता येतो. त्यात स्थान (गायाच्या यादीतून घ्यावे, स्वतः मोजलेले नको), एखाद्या मान्य यादीतील ताऱ्याचा क्रमांक, गाळणीच्या उल्लेखासह कमाल व किमान प्रत, प्रकार, आवर्तकाल आणि आरंभवेळ ही माहिती लागते. स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यासाठी आरंभवेळ कमाल तेजाची देतात आणि पिधानकारी युग्मासाठी मुख्य किमानाची. नवख्यांची इथे हमखास गफलत होते. कमाल आणि किमान प्रत लिहिताना सर्वांत टोकाचे एकेक ठिपके घेऊ नयेत, वक्र जिथे खरोखर जातो तेवढेच घ्यावे. सोबत घडी घातलेला आलेख जोडावा आणि कोणत्या सर्वेक्षणाची मोजमापे वापरली ते टिपणात स्पष्ट लिहावे. ज्यांच्या छायाचित्रांवर आपण काम केले त्यांचे श्रेय बुडवणे हे या क्षेत्रात फार वाईट दिसते.

नावाबद्दलही फार स्वप्ने रंगवू नयेत. रूपविकारी ताऱ्यांची पारंपरिक नावे एका तारकासमूहात आर ते झेड, मग आरआर ते झेडझेड, मग एए ते क्यूझेड अशी, जे हे अक्षर वगळून दिली जातात. अशी ३३४ नावे संपली की पुढचे तारे व्ही३३५, व्ही३३६ असे मोजले जातात. ही नावे मॉस्कोहून चालवली जाणारी रूपविकारी ताऱ्यांची सर्वसाधारण सूची देते, तीही सवडीने. तोवर आपला तारा त्याच्या यादी-क्रमांकानेच ओळखला जातो, आणि शोधकर्त्याच्या रकान्यात आपले नाव असते.

अर्ज संपादकांकडे जातो आणि प्रश्न घेऊन परत येऊ शकतो : आवर्तकाल दुप्पट करून पाहिला का, सात आर्कसेकंदांवरच्या शेजाऱ्याचे काय, दुसऱ्या गाळणीतील वक्र कुठे आहे. यासाठी प्रत्येक ताऱ्याची एक वेगळी फोल्डर ठेवावी आणि तीत मूळ तक्ता, गाळलेला तक्ता, वापरलेली चित्रे आणि तारखेनिशी केलेल्या नोंदी ठेवाव्यात. नाकारलेल्या संशयितांच्या फोल्डरही पुसू नयेत. पुढच्या वेळी त्याच क्षेत्रात काम करताना तोच ठिपका पुन्हा वर तरंगलेला दिसतो, आणि तो आपण का सोडला होता हे एव्हाना विसरलेले असते.